‘ऑड’ कुठे म्हणावे, कुठे म्हणू नये

मोहगाव, सौंसर, पांढुर्णा या आपल्या पट्ट्यात शाळकरी मुलाच्या कानावर रोज तीन भाषा पडतात. घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत हिंदी, तर पुस्तकात, मोबाइलवर आणि नोकरीच्या अर्जात इंग्रजी. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. त्यामुळे इंग्रजी शब्दाचा अर्थ आपल्याकडे बहुधा हिंदीतून येतो. ‘ऑड’चेही तसेच झाले आहे. ‘ऑड म्हणजे अजीब’ एवढे मुलांना पाठ असते. घरी आल्यावर त्या ‘अजीब’चे ‘विचित्र’ होते, आणि शब्द कळला असे समजून सगळे पुढे जातात.

हा अर्थ खोटा नाही, पण फार अपुरा आहे. याच अपुरेपणामुळे परीक्षेत सोपा प्रश्न चुकतो, मुलाखतीत उमेदवाराला विचारलेले कळत नाही, अर्जातल्या आकड्याचा अर्थ बदलतो. त्याहून वाईट म्हणजे कधी समोरचा माणूस दुखावतो, आणि आपण काय बोललो हे आपल्याला उमगतही नाही. म्हणून या एका शब्दावर थोडा वेळ घालवू. त्याच्या भोवतीचे ‘स्ट्रेंज’, ‘वीअर्ड’, ‘पिक्युलिअर’ हे शब्दही ओघात येतील.

आधी मूळ पाहू. जुन्या नॉर्स भाषेत, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी नॉर्वे आणि आइसलँडकडे बोलल्या जाणाऱ्या भाषेत, ‘ओद्दी’ म्हणजे जमिनीचे पुढे आलेले टोक, आणि त्यावरून त्रिकोण. त्रिकोणाच्या पायथ्याचे दोन कोपरे एकमेकांची जोडी होतात, वरचा तिसरा एकटा राहतो. यावरून जोड्या लावून झाल्यावर जो उरतो तो ‘ऑड’. इंग्रजीत हा शब्द आधी संख्येसाठीच रुळला. विचित्र, वेगळा हा अर्थ त्याला सोळाव्या शतकाच्या अखेरीस मिळाला, म्हणजे बराच उशिरा.

पोळ्याच्या दिवशी आपण बैल सजवून जोडीने तोरणाखाली उभे करतो. समजा, एखाद्या घरी जोडीतला एक बैल दगावला आहे. उरलेला धडधाकट आहे, कामाला गुणी आहे, फक्त त्याला जोड नाही. इंग्रजीत तो ‘ऑड’ बैल. त्याच्यात विचित्र असे काहीच नाही. हा बैल डोळ्यांसमोर ठेवला तर शब्दाचे जवळजवळ सगळे उपयोग आपोआप लागतात. ‘ऑड सॉक्स’ म्हणजे विचित्र मोजे नव्हेत, दोन वेगवेगळ्या जोड्यांतले मोजे. सकाळच्या घाईत एका पायात निळा आणि दुसऱ्यात काळा चढवला, तर दोन्ही मोजे चांगले असूनही ‘ऑड’ झाले.

नॉर्स भाषेत याच शब्दावरून आणखी एक शब्द झाला होता: तंट्यात दोन्ही बाजूंची मते सारखी पडली की ज्याच्या मतावर निकाल लागतो तो तिसरा माणूस. म्हणजे जोडीबाहेरचा असणे तिथे मानाचे होते. आपल्याकडेही गावाचा न्याय पंचांनी करायचा. पाच ही विषम संख्या, बरोबरी होऊन निवाडा अडकण्याची भीती नाही. आजही समित्यांची सदस्यसंख्या बहुधा तीन, पाच, सात ठेवतात ती याच कारणाने. अशा समितीला इंग्रजीत ‘ऑड नंबर ऑफ मेंबर्स’ आहेत असे म्हणतात, आणि त्यात टीकेचा अंशही नसतो.

यातून एक कसोटी हाती येते. ‘ऑड’ म्हणणाऱ्याच्या मनात आधी एखादी जोडी, रांग किंवा नेम असतो, आणि समोरची गोष्ट त्यात बसत नाही. ती गोष्ट चांगली की वाईट, हे हा शब्द स्वतःहून सांगत नाही. म्हणून शब्द वाचताना किंवा वापरताना स्वतःला एक प्रश्न विचारावा: इथे नेम कोणता आणि तो कोणी ठरवला? या प्रश्नाचे महत्त्व लेखाच्या शेवटाकडे, आपल्याच गावाबद्दल बोलताना, जास्त जाणवेल.

गणितातला अर्थ सर्वांना ठाऊक आहे, तो लवकर उरकतो. 1, 3, 5, 7 या ऑड संख्या, 2, 4, 6, 8 या ईव्हन. मुठीतले चिंचोके ओळखायचा ‘एकी की बेकी’ हा खेळ ज्यांनी लहानपणी खेळला, त्यांच्यासाठी एकी म्हणजे ऑड आणि बेकी म्हणजे ईव्हन. दिल्लीत 1 जानेवारी 2016 पासून पंधरा दिवस गाड्यांच्या क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावरून सम-विषमचा नियम लावला गेला, तेव्हापासून ‘ऑड-ईव्हन’ हा जोडशब्द वर्तमानपत्रे न वाचणाऱ्यांच्याही तोंडी आला. 2020 मध्ये कोरोनाकाळात बाजारात एक दिवस रस्त्याच्या एका बाजूची दुकाने आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूची उघडायची, तेव्हाही हाच शब्द वापरात होता.

परीक्षेतला ‘ऑड वन आउट’ मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत मानसिक क्षमतेच्या भागात चार आकृत्यांमधून वेगळी आकृती शोधायची असते. स्पर्धा परीक्षांतही असे प्रश्न ठरलेले. ‘ऑड म्हणजे विचित्र’ असे पाठ केलेले मूल काय करते? चारांत जी आकृती सर्वांत चमत्कारिक दिसते, जिच्यात रेघा जास्त आहेत किंवा जी नजरेत भरते, तिच्यावर खूण करते. उत्तर चुकते. अशा वेळी मुलाला वेगळी आकृती शोधायला सांगूच नका. आधी तीन सारख्या शोधायला सांगा. संत्रे, मोसंबी, लिंबू आणि पेरू यांत ऑड कोण? पहिली तीन लिंबूवर्गीय फळे, म्हणून पेरू. पेरूत काहीही विचित्र नाही. पुढे त्याच फळांचा प्रश्न वेगळा मांडता येतो: संत्रे, मोसंबी, पेरू आणि पालक. आता पेरू आत आला आणि पालक बाहेर गेला. नेम बदलला की ऑड बदलतो. संत्र्यांच्या मुलखातल्या मुलाला हे अंगणात किंवा बागेत बसून शिकवता येते, त्यासाठी शिकवणी लावायची गरज नाही.

आता ज्या उपयोगात सुशिक्षितही अडखळतात तिकडे येऊ. आकड्यानंतर येणारा ‘ऑड’. ‘थर्टी-ऑड पीपल’ म्हणजे तीस विचित्र माणसे नव्हेत, तीस आणि वर काही माणसे. इंग्रजी लिपीत लिहिताना इथे आकडा आणि ‘ऑड’ यांच्यामध्ये छोटी आडवी रेघ द्यायची असते. ती रेघ राहिली, तर वाचणाऱ्याला तीस विचित्र माणसे दिसू शकतात. शाळेच्या स्नेहसंमेलनाचा अहवाल किंवा बचत गटाची माहिती इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी ही रेघ विसरू नये.

यात एक बारकावा आहे. मराठीत आपण ‘तीसेक माणसे होती’ म्हणतो तेव्हा अठ्ठावीसही चालतात आणि बत्तीसही. ‘थर्टी-ऑड’मध्ये अठ्ठावीस चालत नाहीत. तो आकडा तीसच्या वर आणि चाळीसच्या आत असतो. पूर्ण दहा-वीसची जोडी लागली, वर काही सुटे उरले, हाच मूळ अर्थ इथे आहे. म्हणून ‘तीसेक’साठी ‘थर्टी ऑर सो’ म्हणावे आणि ‘तीसच्या वर’साठी ‘थर्टी-ऑड’. तसेच त्याच्या आधी ‘अबाउट’ लावू नये, कारण अंदाज त्यातच आहे. नेमक्या आकड्यालाही तो जोडत नाहीत. ‘ट्वेंटी-थ्री-ऑड’ असे कोणी म्हणत नाही, कारण तेवीस म्हटल्यावर सुटे काही उरतच नाही. आणि जिथे पैसा आहे तिथे हा शब्द टाळावा. कर्जाच्या अर्जात ‘फिफ्टी थाउजंड-ऑड’ लिहिणे धोक्याचे, तिथे पै-पैचा आकडाच लिहायचा असतो.

सौंसरजवळ बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात किंवा नागपुरात नोकरीसाठी जाणाऱ्या मुलामुलींना तीन प्रयोग पक्के माहीत हवेत. पहिला ‘ऑड जॉब्ज’. त्याचा अर्थ मिळतील ती किरकोळ, सुटी कामे. कधी रंगकाम, कधी माल चढवणे-उतरवणे, कधी कोणाच्या दुकानात चार दिवस. ‘तुम्ही ऑड जॉब्ज केले आहेत का?’ असे विचारले तर बावरू नका. त्यात कमीपणा नाही, आणि केले असतील तर खुशाल हो म्हणा. फक्त तेवढ्यावर थांबू नका, कोणती कामे केली ती सांगा, कारण त्या शब्दाने तुमचे कसब कळत नाही. दुसरा ‘ऑड आवर्स’. म्हणजे अवेळ, लोक साधारणपणे काम करत नाहीत ती वेळ: रात्रपाळी, पहाटेची पाळी. जाहिरातीत ‘मस्ट बी रेडी टू वर्क ऑड आवर्स’ असेल, तर पाळीची वेळ आणि परतीच्या वाहनाची सोय आधीच विचारून घ्या. मुलींनी आणि त्यांच्या घरच्यांनी तर नक्कीच.

तिसरा प्रयोग सर्वांत फसवा आहे. ‘ऑड’च्या आधी ‘द’ आहे की ‘ॲन’, यावर अर्थ फिरतो. ‘ॲन ऑड मिस्टेक’ म्हणजे विचित्र चूक, जी कशी झाली ते कळत नाही अशी. ‘द ऑड मिस्टेक’ म्हणजे अधूनमधून होणारी एखाददुसरी चूक. वरिष्ठाने तुमच्या कामाबद्दल ‘द वर्क इज गुड, एक्सेप्ट फॉर द ऑड मिस्टेक’ असे लिहिले, तर ती तक्रार नव्हे. काम चांगले आहे, क्वचित एखादी चूक राहते, एवढेच त्याचे म्हणणे. हा ब्रिटिश वळणाचा प्रयोग आहे, आणि आपल्याकडच्या कार्यालयीन इंग्रजीत तो अजून भेटतो.

शब्दाला ‘स’ लागून ‘ऑड्ज’ झाले की तो नाम बनतो. मग त्याचा विचित्रपणाशी संबंध राहत नाही. ‘ऑड्ज’ म्हणजे एखादी गोष्ट घडण्याची शक्यता, किंवा समोर ठाकलेली प्रतिकूलता. ‘अगेन्स्ट ऑल ऑड्ज’ हा प्रयोग आपल्या मुलांच्या निबंधांत फार येतो, आणि दर वेळी ‘अगेन्स्ट ऑल ऑड’ असा लंगडा होऊन येतो. तिथे ‘स’ हवाच. ‘ॲट ऑड्ज’ म्हणजे न जुळणारे: दोन भावांचे पटत नाही, किंवा साक्षीदाराचे म्हणणे कागदाशी जुळत नाही. ‘ऑड्ज अँड एंड्ज’ म्हणजे घरातले किडूकमिडूक. हे तीन प्रयोग कळले तरी वर्तमानपत्र वाचताना बरेच अडथळे दूर होतात.

उच्चाराबद्दल थोडक्यात. ‘ऑड’मधला ‘ऑ’ आखूड आहे, तो ‘औ’सारखा लांबवू नये. तोंड पुरेसे गोल केले नाही, तर तो ‘ॲड’ ऐकू येतो आणि ऐकणाऱ्याला बेरीज करायला सांगितल्यासारखे वाटते. अमेरिकी माणूस तोच शब्द जवळजवळ ‘आड’ असा म्हणतो, त्याने गोंधळू नका. तुलनेची रूपे ‘ऑडर’ आणि ‘ऑडेस्ट’ ही व्याकरणाने बरोबर आहेत. पण आपल्याकडे ‘ऑर्डर’चाही उच्चार पुष्कळदा ‘ऑडर’ असाच होतो, म्हणून बोलताना ‘मोअर अनयूज्वल’ म्हणावे, घोटाळा होत नाही.

आता विचित्रपणाकडे येऊ. आपल्या बोलीत यासाठी शब्दांची कमतरता नाही: अजब, चमत्कारिक, तऱ्हेवाईक, विक्षिप्त, लहरी, विलक्षण, निराळाच, आणि अंगात बरे नसले किंवा मन लागत नसले की ‘कसंतरीच वाटते’. यांतला प्रत्येक शब्द आपण योग्य जागी बिनचूक वापरतो, कोणी शिकवावे लागत नाही. इंग्रजीतही तसेच आहे. फक्त तिथे आपण एकच शब्द सगळीकडे रेटतो.

‘स्ट्रेंज’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘बाहेरचा’ या अर्थाच्या शब्दावरून फ्रेंचमार्गे आला. ‘स्ट्रेंजर’ म्हणजे परका, अनोळखी. म्हणून ‘धिस रोड इज स्ट्रेंज टू मी’ याचा अर्थ ही वाट माझ्या पायाखालची नाही, एवढाच. रस्त्यात दोष नाही. ‘कसंतरीच वाटते’ यालाही ‘आय फील स्ट्रेंज’ जवळचे आहे. पण डॉक्टरांपुढे एवढे बोलून भागत नाही, चक्कर येते की मळमळते ते स्पष्ट सांगावे. विज्ञान घेतलेल्यांना हा शब्द भौतिकशास्त्रातही भेटेल. 1953 च्या सुमारास मरे गेल-मान आणि काझुहिको निशिजिमा यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, काही कणांचे वागणे समजावण्यासाठी एक गुणधर्म मांडला. हे कण अपेक्षेपेक्षा फार जास्त काळ टिकत होते. गेल-मान यांनी त्या गुणधर्माला ‘स्ट्रेंजनेस’ म्हटले आणि ते नाव कायम झाले. जे नेमात बसत नव्हते, त्यातून नवा नेम सापडला.

‘वीअर्ड’ तरुणांच्या तोंडी सारखा असतो. जुन्या इंग्रजीत तो शब्द ‘विर्ड’ असा होता आणि त्याचा अर्थ होता दैव, विधिलिखित. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मधल्या तीन चेटकिणींना ‘वीअर्ड सिस्टर्स’ म्हटले आहे, ते त्या भविष्य जाणणाऱ्या म्हणून. पुढे त्यातले दैव मागे पडले आणि अंगावर काटा आणणारा विचित्रपणा उरला. आज तो बोलण्यात हलका झाला असला तरी लिहिताना जड पडतो. अर्जात, कार्यालयीन पत्रात, शाळेच्या निबंधात ‘वीअर्ड’ नको. ‘बिझार’ त्याहून तीव्र, जिथे बुद्धीच चालत नाही तिथला. ‘फनी’ दोन्हीकडचा: दुधाला ‘फनी’ वास येतो म्हणजे ते नासले आहे, त्यात हसण्यासारखे काही नाही. ‘अनकॅनी’ म्हणजे ओळखीचे असूनही मन दचकावणारे, जसे दोन अनोळखी माणसांच्या चेहऱ्यातले हुबेहूब साम्य.

या सगळ्यांत ‘ऑड’ सौम्य आहे, आणि म्हणून तक्रार करताना उपयोगी. महिन्याचे विजेचे बिल अचानक तिप्पट आले. ‘द रीडिंग इज राँग’ म्हटले की समोरचा कर्मचारी बचावाला उभा राहतो. ‘द रीडिंग लुक्स ऑड’ म्हटले की तो निदान पुन्हा पाहतो. धर्मकाट्यावरच्या वजनाच्या पावतीबद्दल, बँकेच्या पासबुकातल्या नोंदीबद्दलही तोंडी बोलताना असेच करावे. हिंदीत आपण ‘कुछ गड़बड़ है’ म्हणतो त्याच्या जवळचे, पण आरोप न करणारे. लेखी तक्रारीत मात्र माझे मत वेगळे आहे. ‘आय फाइंड इट ऑड दॅट’ अशी सुरुवात दिसायला सौम्य, पण वाचणाऱ्याला त्यात संशय दिसतो. कागदावर ‘डज नॉट मॅच’ लिहा आणि पुढे दोन्ही आकडे द्या. काय कशाशी जुळत नाही ते सांगितले की शब्दाच्या सौम्यपणाची गरजच उरत नाही.

माणसांच्या बाबतीत जास्त जपावे लागते. ‘दॅट्स ऑड’ हे प्रसंगाबद्दल झाले, ‘ही इज ऑड’ हे माणसाबद्दल. पहिले क्षणापुरते असते, दुसरे त्याच्या कपाळी बसते. वर्गात मुकाट बसणारे मूल, अडखळत बोलणारे मूल, डावखुरे मूल यांच्याबद्दल पालकसभेत किंवा प्रगतिपुस्तकाच्या शेऱ्यात ‘ऑड’ लिहू नये. ते काय करते तेवढे लिहावे: एकटे बसते, नजरेला नजर देत नाही, आवाजाने दचकते. शेऱ्यातल्या अशा ओळीचा डॉक्टरांना आणि पुढच्या वर्गाच्या शिक्षकांना उपयोग होतो. ‘ऑड’चा कोणालाच होत नाही. स्वतःच्या नादात राहणाऱ्या, पण कर्तबगार वृद्ध माणसाला ‘एक्सेन्ट्रिक’ म्हणतात. मूळ अर्थ केंद्रापासून ढळलेला. त्यात थोडे कौतुक असते, तरी तोंडावर म्हणू नये.

‘क्वीअर’ या शब्दाबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. जुन्या वाचनमालांत, जुन्या गोष्टींत तो ‘ऑड’च्या अर्थाने सर्रास येतो, आणि घरातला जुना शब्दकोशही तोच अर्थ देईल. विसाव्या शतकात इंग्रजी बोलणाऱ्या समाजांत तो समलिंगी माणसांना हिणवण्यासाठी वापरला गेला. पुढे त्याच माणसांनी तो शब्द उचलून अभिमानाने स्वतःची ओळख म्हणून स्वीकारला. आज तो त्या ओळखीचाच शब्द आहे. जुन्या धड्यात आला तर अर्थ समजून घ्यावा, पण स्वतः लिहिताना ‘विचित्र’ या अर्थाने तो अजिबात वापरू नये. तुमच्या वर्गात, तुमच्या घरातही कदाचित असे एखादे मूल असेल, ज्याला त्या शब्दाचा घाव बसेल.

आता आपल्या गावाकडे. जामसावळीच्या हनुमान मंदिराला नागपूर-छिंदवाड्याकडून रोज माणसे येतात. पिंपळाखाली निजलेल्या स्थितीतली मारुतीची मूर्ती इतरत्र सहसा दिसत नाही. हिंदीत या देवस्थानाला ‘चमत्कारिक हनुमान मंदिर’ म्हणतात. हिंदीत चमत्कारिक म्हणजे चमत्कार घडवणारे. मराठीत मात्र ‘चमत्कारिक माणूस’ म्हटले की भुवया वर जातात. एखाद्या मराठी मुलाने हे नाव इंग्रजीत नेताना ‘ऑड’ किंवा ‘स्ट्रेंज’ लिहिले, तर भाविकांना लागेल असे वाक्य तयार होते, आणि लिहिणाऱ्याच्या मनात तसे काहीच नसते. तिथे ‘मिरॅक्युलस’ हवे. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्याने भाषांतराला बसण्याआधी हा शब्द कोणत्या भाषेतला आहे, हे स्वतःला विचारावे. ‘गडबड’ही असाच: पुण्याचा माणूस गडबडीत असतो म्हणजे घाईत असतो, आणि आपल्याकडे गडबड आहे म्हणजे बहुधा काहीतरी चुकले आहे.

मोहगावच्या अर्धनारीश्वराबद्दलही तेच सांगेन. अर्धे शिव, अर्धी पार्वती हे रूप बाहेरच्या पाहुण्याला नवे वाटेल, म्हणून त्याला ‘अ स्ट्रेंज फॉर्म ऑफ शिवा’ लिहू नये. ज्याला ते रूप जन्मापासून ओळखीचे आहे त्याने परक्याचा शब्द का घ्यावा? ‘शिवा अँड पार्वती इन वन फॉर्म’ एवढे सरळ लिहिले की पुरते. वेगळेपण सांगायचेच असेल तर ‘डिस्टिंक्टिव्ह’ आहे.

सर्वांत कठीण प्रश्न गोटमारीचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात, आणि एका काठावरून पांढुर्णा, दुसऱ्या काठावरून सावरगाव असा दगडांचा मारा सुरू होतो. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी पळून जाताना नदीत अडकले, ही त्यामागची कथा सर्वांना ठाऊक आहे. शेवटी झेंडा चंडीमातेला वाहिला जातो. बाहेरची वर्तमानपत्रे या दिवशी ‘बिझार’, ‘वीअर्ड’ हे शब्द हमखास वापरतात, आणि आपल्या माणसांना ते टोचते. पण आपणच लिहायला बसलो, तर कोणता शब्द घ्यायचा?

माझा कल ‘पिक्युलिअर’कडे आहे, पण एका अटीवर. लॅटिनमध्ये ‘पेकू’ म्हणजे गुरे, आणि स्वतःच्या मालकीचे धन ते ‘पेकूलियम’. यावरून ‘पिक्युलिअर’चा आधीचा अर्थ फक्त आपला, खास आपलाच. ‘अ पिक्युलिअर कस्टम’ लिहिले तर नाक मुरडल्यासारखे होते. ‘अ कस्टम पिक्युलिअर टू पांढुर्णा अँड सावरगाव’ लिहिले तर ही प्रथा या दोन गावांचीच, हे विधान होते. शब्द तोच, फक्त जागा बदलली आणि मागे ‘टू’ आले. हा फरक परीक्षेतही विचारला जातो आणि जगण्यातही लागतो.

मात्र नेमका शब्द सापडला म्हणून पुढचे वाक्य सोडता येत नाही. या दिवशी शेकडो माणसे जखमी होतात, डोळे जातात, माणसे मेलीही आहेत. प्रशासनाने जमावबंदी लावून पाहिली, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, दगड थांबले नाहीत. प्रथेला वीअर्ड म्हणणारा बाहेरचा लेखक आपल्या नेमाने आपल्याला मोजतो, ते आपण नाकारू. पण जखमींचा आकडा हा कोणाच्या नेमाचा प्रश्न नाही. ‘पिक्युलिअर टू पांढुर्णा’ लिहिणाऱ्याने लगेच पुढच्या ओळीत ‘डेंजरस’ लिहावे, आणि ते मुळीच मवाळ करू नये.

पांढुर्णा 2023 मध्ये वेगळा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याची इंग्रजी माहिती, फलक, पर्यटकांसाठीची पत्रके आता लिहिली जात आहेत आणि पुढेही लिहिली जातील. मोहगाव, सौंसर, पांढुर्ण्यातल्या इंग्रजी शिक्षकांना माझी विनंती आहे: दहावी-बारावीच्या मुलांकडून या वर्षी आपल्या गावाबद्दल दहा इंग्रजी वाक्ये लिहून घ्या. त्यातल्या प्रत्येक ‘ऑड’, ‘स्ट्रेंज’ आणि ‘वीअर्ड’खाली रेघ मारा, आणि तो शब्द का घेतला ते मुलाकडून मराठीत वदवून घ्या.